चुलीच्या पाठची कोठी

तात्या, तुमच्या कोठीची पश्चिमेकडची भिंत ह्या आषाढात पडली आणि ते ऐकून मला आनंद झाला. लपवत नाही. दादा आईला माझ्याकडे जयगडला सोडायला आला, ओटीच्या पायरीवर पाय धुता धुता म्हणाला, "कोठी बसली गो. भिंत आत आली, फळ्या गेल्या, बरण्या फुटल्या. पाऊस उघडून डागडुजी होईपर्यंत आई तुझ्याकडे राहू दे." मी "अगो बाई" म्हटलं, चुकचुकले, त्याला गूळपाणी दिलं, आणि आत चुलीपाशी जाऊन एकटीच हसले. बापानं बांधलेली भिंत पडली म्हणून हसणारी मुलगी! म्हणा काय म्हणायचं ते. जिवंत होतात तोवर पुष्कळ म्हणालात, आता मी बोलते आणि तुम्ही ऐका. मिठाच्या सत्याग्रहाच्या वर्षी तुम्ही गेलात. तेराव्याला आख्खी आळी, सगळी पाखाडी लोटली होती, जो तो म्हणत होता, मास्तर म्हणजे देवमाणूस, उभ्या जन्मात कुणाला खोटं बोलला नाही. मी मान खाली घालून वाढत होते. तेव्हाही राग होता, पण म्हटलं, गेलेल्या माणसावर काय रागवायचं, त्यांना बिचाऱ्यांना कळलंच नसेल. तुम्हाला कळलं नव्हतं, ह्या एका समजुतीवर मी इतकी वर्षं काढली. आठ दिवसांमागे आईनं तीही काढून घेतली. काय सांगितलं तिनं, ते पुढे लिहिते. आधी सगळं मुळापासून, कारण तुम्ही सोयीनं विसरला असाल.

रत्नागिरीच्या आपल्या घराला कोठी नव्हतीच. आजोबांनी बांधलेलं घर, ओटी, माजघर, स्वयंपाकघर, चुलीच्या पाठी एक खोली, मागं पडवी, संपलं. तांदूळ माजघरातल्या कणगीत, आमसुलं आणि बियाणं चुलीवरच्या माळ्यावर, लोणच्याच्या बरण्या चुलीच्या कोपऱ्यात जमिनीवरच. सगळं धुरानं काळं. आम्ही पोरं धावताना बरण्यांना अडखळायचो, आई ओरडायची, उंदरांनी तर उच्छाद मांडलेला. ती कोठी मागत होती ते माझ्या जन्माआधीपासून. तुम्ही हूं म्हणायचात. मग तुम्ही कसल्याशा परीक्षेसाठी पुण्याला गेलात, तिथं एका स्नेह्याच्या घरी उतरलात आणि त्याची कोठी बघून आलात. पांढऱ्या भिंती, ओळीनं फळ्या, धुराचं नाव नाही. आल्या आल्या तुम्ही खिशातला खडू काढलात आणि स्वयंपाकघराच्या जमिनीवर नकाशा काढायला बसलात. आई पापड लाटत होती. लाटणं थांबवून ती म्हणाली, "चुलीच्या पाठची खोली आहे ना, तिचाच अर्धा भाग द्या मला. चुलीमुळे ती भिंत बारमास उबदार असते." ती तुमची वाचायची खोली. तुम्ही खडू न थांबवता म्हणालात, "आणि माझी पुस्तकं कुठं ठेवू? पुस्तकांना ओल चालत नाही." मी तिथंच बसून लाट्या करत होते. हे वाक्य मी माझ्या ह्या कानांनी ऐकलंय, तात्या. घरातली कोरडी जागा कोणती आणि ओली कोणती, हे तुम्हाला पक्कं ठाऊक होतं.

मग गेली ती आमची पडवी. आमची म्हणजे बायकांची. तुम्ही तिथं कधी बसलात? भाजी निवडायची तिथं, केस विंचरायचे तिथं, दुपारची पाठ टेकायची तिथं, आणि कावळा शिवला की तीन दिवस बाजूला बसायचंही तिथंच. समुद्राकडचं तोंड, म्हणून वारा छान, आणि पावसाळ्यात मारही पहिला तिलाच. दरवर्षी मिरगाआधी आपण त्या बाजूला झावळ्यांच्या झडी बांधत होतो की नाही? सगळं गाव बांधतं. तुम्ही जांभ्याचे चिरे लावून पडवी बंद केलीत, वरून चुन्याचा गिलावा, खिडकी नाही, कारण पुण्याच्या कोठीला नव्हती. चुना वाळायला वेळ हवा, तर वैशाख संपत आला तरी गिलावा चालूच. गडी झडी घेऊन आला तेव्हा तुम्ही त्याला परत पाठवलंत. "एवढी सुरेख भिंत झावळ्यांनी झाकायची? गावंढळपणा नुसता!" शिंच्या झावळ्या, असंही म्हणालात. पुण्याला पाऊस पडतो तो बोलून चालून पडतो, आपल्याकडे तो आडवा येऊन दारं ठोठावतो, हे काय तुम्हाला माहीत नव्हतं? पण खोटं कशाला बोलू, आई त्या दिवसांत खूष होती. कोठीत नारळ फोडला, शेजारच्या काकूंना बोलावून दाखवली, आणि सगळ्या गेल्यावर ती एकटीच आत उभी राहून फळीवरून हात फिरवत होती. लग्नानंतर तिला पहिल्यांदा काहीतरी तिचं म्हणून मिळालं होतं.

त्याच चैत्रात मला न्हाण आलं होतं. तेरावं वर्ष चालू होतं. आता बाजूला बसायचं कुठं? पडवी तुम्ही खाल्लीत. कोठीचं दार आणि न्हाणी ह्यांच्यामध्ये हातभर बोळ राहिली होती, तिथं मला घोंगडी टाकून दिली. पाऊस लागल्यावर त्या बोळीत बसणं म्हणजे शिक्षा. पाठ टेकायला कोठीचीच भिंत, आणि टेकली की गार लागायचं, परकर-पोलकं दमट व्हायचं. मी आईला सांगितलं, भिंत ओली आहे. आई म्हणाली, "गप्प बस, आत्ताशी झाल्ये कोठी, अपशकुनी बोलू नको." गप्प बसले. कोठीत पाऊल टाकलं नाही, बरणीला बोट लावलं नाही. मला भीतीच इतकी घातलेली होती की दाराच्या कडीकडे बघायचीही नाही.

आणि मग श्रावणातला तो सोमवार. शाळा तपासायला आलेले कुणी साहेब आणि तुमचे दोघे-तिघे मास्तर सोमवार सोडायला आपल्याकडे. केळीची पानं मांडली, तुम्ही मोठ्या तोऱ्यात हाक दिलीत, "लोणचं वाढा हो, आमच्या नव्या कोठीतलं!" आईनं बरणीच्या तोंडावरच्या फडक्याचा दादरा सोडला आणि तिचा हात तसाच राहिला. वर बोटभर पांढरी बुरशी. दुसरी उघडली, तीच गत. तिसरी उघडली तर वासच बाहेर आला. आमसुलांना बुरा, सांडगे मऊ पडलेले. तुम्ही पानावरून उठून आलात, बघितलंत, आणि तेवढ्यात बाहेरून त्या साहेबांनी टोला मारला, "काय मास्तर, पुण्याची कोठी मानवली नाही वाटतं कोकणाला!" सगळे हसले. तेवढंच झालं होतं, तात्या. चार माणसं हसली होती. आणि तेवढ्यासाठी तुम्ही माजघराच्या उंबऱ्यात उभं राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालात, "कोठीला काय धाड भरल्ये? पोरगी नुकती मोठी झाल्ये, दाराशीच बसते. शिवली असेल. बायकांनी पथ्य पाळलं नाही की असंच व्हायचं." मी पाण्याचा तांब्या घेऊन दाराआड उभी होते. परक्या पुरुषांसमोर, माझी गोष्ट! एकजण "असतं, असतं" म्हणून मान हलवत होता. मी म्हटलं, "मी शिवले नाही, तात्या." तुम्ही वळून म्हणालात, "उलट बोलतेस? शिवली नसशील तर सावली पडली असेल." नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, तसंसुद्धा नव्हतं हे. अंगणाला तरी कुणी जन्मभर बोल लावत नाही.

शाळेत तुम्ही पोरांना बाष्प शिकवायचात. पेल्यात गार पाणी घालून बाहेरून घाम कसा सुटतो ते दाखवायचात, मला घरीही दाखवलं होतंत, टाळी वाजवून म्हणाला होतात, "बघ, हवेतलं पाणी!" मला अक्षर तुम्हीच शिकवलंत, हात धरून वळवून घेतलंत, त्याच अक्षरात हे लिहित्ये. इतकं शिकलेला माणूस, आणि भिंत घामेजली तेव्हा तुम्हाला आठवली ती पोरीची सावली. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

त्या दिवसापासून माझ्या हाताला नाव पडलं. काकूंनी पाखाडीभर नेलं. हिच्या हाताला गुण नाही, हिच्या सावलीनं नासतं. माझं लग्न ठरवायला जयगडची मंडळी आली तेव्हा ही गोष्ट त्यांच्या आधी पोचली होती. सासूबाई वाईट नव्हत्या हो, पण वैशाखात कैऱ्या आल्या की पहिलं वाक्य हेच, "तू तेवढी लांब राहा बाई." कैऱ्या चिरायलासुद्धा नाही. जावा-नणंदा मोहरी फेसत गप्पा मारायच्या आणि मी खळ्यात वाळवणाशेजारी काठी घेऊन कावळे हाकायचे. नणंद हसून म्हणायची, "वहिनी, वाळवणाकडे बघा हं, पण फार निरखून नको!" मीही हसायचे. हसले नसते तर काय केलं असतं? दर वर्षी, प्रत्येक वैशाखात. हाताची चव, हाताचा गुण, ह्यावर बाईची आख्खी किंमत होते, तात्या, आणि माझी किंमत तुम्ही एका पंगतीत लावून मोकळे झालात.

लग्नानंतर पहिल्या दिवाळीला माहेरी आले तेव्हा बघते तर कोठीच्या पश्चिमेच्या भिंतीला झडी बांधलेल्या, वरच्या बाजूला हातभर झरोका पाडलेला. आई म्हणाली, "मिरगाआधी ह्यांनीच गडी बोलावून करून घेतलं. कुणाला काही बोलले नाहीत." आणि लोणचं टिकलं होतं! अर्थ काय झाला? सगळ्यांनी एकच काढला, झडी बघूनही मीसुद्धा. पोर सासरी गेली, लोणचं टिकलं. तुम्ही तो निघू दिलात. उलट मी परत निघाले तेव्हा तुम्ही स्वतः एका बरणीला दादरा बांधलात, गाडीत माझ्या पायाशी ठेवलीत आणि म्हणालात, "तिकडे दे. म्हणावं, मास्तरांच्या कोठीतलं आहे." खाडीपर्यंत ती बरणी मी पायानं धरून आणली. घरी सासूबाईंनी विचारलं, "आईच्या हातचं ना? मग टिकेल." त्या दिवशी मला वाटलं होतं, बापानं काहीतरी दिलं. किती वेडी होते.

आता माझ्या कोठीचं सांगते. सासूबाई गेल्या, जावा मुंबईला बिऱ्हाड करून गेल्या, हे तर तिथं पेढीवर असतातच, शिमग्याला आणि गणपतीला येतात. जुनं घर, मी आणि मुलं. गेल्या शिमग्याला मी ह्यांना म्हटलं, मला कोठी हवी आणि ती चुलीच्या पाठच्या खोलीतच हवी. ती ह्यांची निजायची खोली. हे म्हणाले, "म्हणजे मी आता ओटीवर निजायचं?" म्हटलं, "वर्षातून दोनदा येता, ओटीवर वारा छान लागतो." हसले आणि हो म्हणाले. इतकं सोपं असतं ते, तात्या, हो म्हणणं! गवंडी आला, त्यानं विचारलं, "वैनी, पडवी मोकली हाय ती सोडून खोली कशाला तोडताव?" म्हटलं, "पडवीला हात लावायचा नाही. ती बसायला आहे." उन्हाळाभर चुना वाळू दिला. चुलीच्या भिंतीला हात लावला की ऊब लागते, अगदी आई म्हणाली होती तशी.

वैशाखात कैऱ्या उतरवल्या, धुऊन पुसून ठेवल्या, आणि नेमकी मी बाजूला बसायची वेळ आली. रीतीप्रमाणे शेजारणीला हाक मारायची आणि मी पडवीत जाऊन बसायचं. मी कैऱ्यांकडे बघत राहिले, आणि काय झालं मला ठाऊक नाही, अंगात आल्यासारखं झालं. बसलेच नाही बाजूला. विळी ओढली आणि त्याच दिवशी कैऱ्या चिरल्या, मीठ लावलं, मोहरी फेसली, तेल तापवून निववून घातलं, ह्याच दोन हातांनी कालवलं, बरण्या भरल्या. म्हटलं, सावली कशाला, आख्खी मीच घे. नासलं तर तात्या खरे आणि मी जन्मभर कावळे हाकीन. देवाकडे बघितलं नाही चार दिवस. पाऊस लागल्यापासून मी त्या बरण्या राखल्या. आषाढात नुसती धार लागली होती, खाडीपलीकडचं दिसेना, आणि मी सारखी जाऊन दादरा सोडून बघत होते. काही नाही. वर तेल, खाली फोडी, रंग कसा लखलखीत. नासलं नाही, तात्या!

मग तुमची भिंत पडली आणि आई आली. तिच्या पानात मी पहिल्याच दिवशी ते वाढलं. आईचं सोवळं मोडलंस, असं दादा म्हणाला असता, मोडलं. आईनं भाताशी फोड खाल्ली, थांबली, परत खाल्ली. "छान मुरलंय गो. कुणाकडचं?" म्हटलं, "माझ्या हातचं." कुठल्या दिवशी घातलं ते बोलले नाही, ते अजून तिला ठाऊक नाही. तिनं उरलेली फोड पानाच्या कडेला सरकवली. मग म्हणाली, "तुझ्या हाताला काही नव्हतंच. भिंत ओली होती, ते काय मला कळत नव्हतं? आणि त्यांनाही कळलं होतं."

मी वाढायची थांबले. "कधी?"

"त्याच दिवशी. पाहुण्यांना पोचवून आले ते थेट कोठीत गेले. भिंतीला हात लावला. हात ओला झाला तो धोतराला पुसला. मी दारात होते. म्हटलं, पोरीला बोलवा आणि दोन शब्द सांगा, मुसमुसत्ये न्हाणीपाशी. तर म्हणाले, चारचौघांत बोलून गेलोय, आता मागं घेतलं तर मास्तरकीची काय शोभा राहिली? लहान आहे, विसरेल."

"आणि तू का नाही सांगितलंस मला?"

"मला त्याच घरात राहायचं होतं," आई म्हणाली आणि ताकाचं भांडं पुढं केलं.

झालं. इतक्या वर्षांचा हिशेब ताकाच्या भांड्यात. आईवर मी चिडले, नाही असं नाही, दोन दिवस धड बोलले नाही. पण तिनं निदान तोंड उघडून तुम्हाला सांगितलं तरी होतं. तुम्ही? तुमचा हात ओला झाला होता, तात्या! ती ओल तुम्ही धोतराला पुसलीत आणि मला तशीच पुसून टाकलीत. चार पावलांवर रडत होते मी. "भिंत ओली आहे, तुझं काही नाही," एवढंच म्हणायचं होतं, तेही माझ्या एकटीच्या कानात म्हटलं असतंत तरी चाललं असतं, साहेबांना कळवायची गरज नव्हती. मी कुणाला बोलले नसते. तुमची शोभा मीच राखली असती, इतकी माया होती तुमच्यावर. चोर सोडून संन्याशाला फाशी दिलीत, आणि चोर कोण ते ठाऊक असून दिलीत. देवमाणूस म्हणे! तुमच्या पुस्तकांना कसर लागू नये म्हणून तुम्ही रोज त्यांना हलवून बघायचात. एकदाही मला विचारलं नाहीत, विसरलीस का गो?

नाही विसरले. विसरणारही नाही. आईला आता डाव्या डोळ्यानं दिसत नाही, तिच्यापाशी मी पुन्हा हा विषय काढणार नाही, आणि तुम्हाला हे कुठं पाठवू? पाठवायची सोय असती तरी तुम्ही शुद्धलेखन तपासून बाजूला ठेवलं असतंत. मला वाटलं होतं की बरणी उघडून धडधडीत चांगलं निघालं की माझं मन मोकळं होईल. घरात सगळे खातात. मुलं बोटं चाटतात, आई दुसऱ्यांदा मागून घेते, शेजारीण वाटी घेऊन येते आणि म्हणते, वैनी, काय हात आहे हो तुमचा. मी सगळ्यांना वाढते आणि माझ्याही पानात एक फोड घेते. पण खरं सांगते तात्या, अजून एकदाही ती मी तोंडात घालू शकलेली नाही.